मदत हवी आहे : सोन्याच्या गोळ्यातले १७ किलो गेले कुठे?

मंडळी, एका वजनापाशी अडकलोय. जाणकारांनी सोडवा.

प्रकरण आहे 'वेलकम स्ट्रेंजर'चं. मातीगाळात सापडलेला आजवरचा सगळ्यात मोठा सोन्याचा गोळा. ५ फेब्रुवारी १८६९ला ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात, मोलियागुलला, जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स या इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या दोघा खाणकऱ्यांना तो मिळाला. कुठे? झाडाच्या मुळाशी, जमिनीखाली जेमतेम ३ सेंटीमीटरवर! लोक शेकडो फूट विहिरी खणत होते आणि हा बोटभर मातीखाली पडून होता. डनोली गावात वजन करायला नेला तर काट्यात मावेना, मग ऐरणीवर ठेवून त्याचे तुकडे केले. त्यामुळे आज बघायला मिळतात त्या फक्त प्रतिकृती.

तर माझ्या वहीत याची तीन वजनं आहेत. एका पानावर २१० पौंड, दुसऱ्यावर ७८ किलो, तिसऱ्यावर ७२ किलो. २१० पौंडांचे किलो केले तर ९५ भरतात. म्हणजे ९५ आणि ७८ यांच्यामधले १७ किलो हवेत विरले. तीन आठवडे झाले, रोज रात्री हेच घेऊन बसतोय.

वही कसली, असं विचाराल म्हणून सांगतो. गोल्ड रश, म्हणजे सोनं सापडल्याच्या बातमीने उसळलेली लोकांची झुंबड, आणि जुन्या खाणींबद्दलच्या फुटकळ गोष्टी जमवायचा नाद लागलाय. उपयोग शून्य, घरच्यांच्या मते त्याहूनही कमी. सुरुवात एका फसलेल्या गोष्टीने झाली. १८४९चे कॅलिफोर्नियातले खाणकरी लिव्हाय स्ट्रॉसच्या जीन्स घालून सोनं शोधायचे, असं मी कित्येक वर्षं सगळ्यांना ऐकवत होतो. मग कळलं की हे गृहस्थ सॅन फ्रान्सिस्कोला पोचलेच १८५३मध्ये, आणि रिव्हेटवाल्या पँटचं पेटंट १८७३चं! तोंडघशी पडलो खरा, पण खरी गोष्ट जास्त झकास निघाली. खिशाचे कोपरे उसवू नयेत म्हणून तांब्याचे रिव्हेट ठोकायची युक्ती नेवाडातल्या जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याची. पेटंटचा खर्च झेपेना म्हणून त्याने कापड पुरवणाऱ्या स्ट्रॉसला पत्र टाकलं. तेव्हापासून ठरवलं, ऐकीव गोष्ट दिसली की आधी तारीख बघायची.

तारखांचीच तर गंमत आहे. कॅलिफोर्नियातल्या सटरच्या लाकूड गिरणीपाशी जेम्स मार्शलला सोनं दिसलं ती नोंद एका पानावर, २४ जानेवारी १८४८. मेक्सिकोने दीड कोटी डॉलरला कॅलिफोर्निया आणि आणखी बराच मुलूख सोडला, तो तह भलत्याच पानावर, २ फेब्रुवारी १८४८. एका रात्री पानं उलटताना दोन्ही तारखा लागोपाठ डोळ्यांखालून गेल्या आणि मी ताडकन उठून बसलो. नऊच दिवस! सह्या करणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता. हे दोन्ही तपशील कुठेही सापडतात, पण त्या रात्री ते 'मला' सापडले.

असो, मूळ मुद्दा वजनाचा. कुणी सांगेल का?

प्रतिसाद
सोपं आहे की. गोळ्याला गारगोटी चिकटलेली असणार. ती फोडून काढल्यावर वजन घटलं.

धागाकर्ता
आभार, पण हे मी धरून बघितलं. २१० आणि ७८ या दोन्ही नोंदींपुढे 'गारगोटी काढल्यावर' असंच लिहिलंय. घोडं तिथेच अडतंय.

प्रतिसाद
२१०ला १२ने गुणा. उत्तर २,५२० येतं. हा आकडा औंसांत कुठे दिसला होता का?

सोनं मोजतात ते ट्रॉय मापाने. त्यातला पौंड १२ औंसांचा, किराणा मोजायचा १६ औंसांचा. तुम्ही किराण्याच्या पौंडाने सोनं तोललंत, म्हणून ९५ आले. ट्रॉय औंस ३१.१ ग्रॅमचा, त्याने २,५२०ला गुणलं की ७८ किलो. तुमचे ७२ किलो म्हणजे वितळवल्यावर उरलेलं निव्वळ सोनं.

जाता जाता वहीत घालायला एक कोडं. पौंडभर पिसं जड की पौंडभर सोनं? पिसं, कारण त्यांचा पौंड ४५४ ग्रॅमचा आणि सोन्याचा ३७३चा. मग औंसभर पिसं जड की औंसभर सोनं? इथे मात्र सोनं. साधा औंस २८.३५ ग्रॅमचाच असतो. समोरचा पहिल्याला फसतो, आणि शहाणा होऊन दुसऱ्याला पुन्हा फसतो.

धागाकर्ता
दंडवत! आत्ता वही काढली. २,५२० औंस ही नोंद चक्क माझ्याच अक्षरात आहे, पुढे लाल प्रश्नचिन्ह. तेव्हा वाटलं, २१०ला १६ने गुणलं तर ३,३६० येतात, म्हणजे हा आकडा छापताना चुकलाय. चुकीचा म्हणून बाजूला ठेवलेला तेवढाच बरोबर होता.

आता वहीतले सगळे पौंड पुन्हा तपासणं आलं. आणि कॅनडातल्या क्लोंडाइकच्या गोल्ड रशच्या पानावर नजर गेली तर तिथे नवीनच भानगड. १७ जुलै १८९७ला 'पोर्टलंड' जहाज सिएटलला लागलं तेव्हा 'टनभर सोनं आलं' असं वर्तमानपत्रांनी छापलं होतं. तो टन कुठल्या पौंडांचा धरायचा?