सातत्य, संगती आणि ‘नव्या संचात’: नट बदलला तर नेमका कोणता शब्द?

शनिवारी शंकरनगरात तर्री पोहे खाता खाता आमच्यात जे पेटलं ते अजून विझलं नाही म्हणून इथे मांडून राहिलो. विषय डॉक्टर हू. 1963 पासूनची ब्रिटिश मालिका, काळात पुढेमागे हिंडणारा परग्रहावरचा एक माणूस, अन् दर काही वर्षांनी त्याचा चेहराच बदलतो. एक मित्र म्हणे, "यात सातत्यच नाही बे, दरवेळी नवाच माणूस." दुसरा म्हणे सातत्य आहे म्हणूनच तर इतकी वर्षं चालली. दोघंही हट्टाला पेटले, पोहे थंडे होऊन गेले, अन् तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे मालिकेवरून भांडतच नाहीयेत, एका शब्दावरून भांडून राहिले.

सातत्य हा शब्द आपण रोज कसा वापरतो ते बघा ना. पोराच्या अभ्यासात सातत्य नाही, तिच्या रियाजात सातत्य आहे. म्हणजे खंड न पडणं, बस एवढंच. या अर्थाने पाहिलं तर डॉक्टर हूचं सातत्य चांगलंच तुटलं, 1989 ला मालिका बंद पडली अन् 1996 चा एक टीव्ही सिनेमा सोडला तर 2005 पर्यंत पडद्यावर नवी गोष्ट नाही. पण 2005 मध्ये क्रिस्टोफर एकल्स्टन आला तो नवीन डॉक्टर म्हणून नाही, तोच डॉक्टर म्हणून आला, काळात हिंडायचं यान असलेली तीच निळी पोलीस पेटी घेऊन, डालेक नावाच्या परग्रही शत्रूंशी तेच जुनं वैर घेऊन. मागील पानावरून पुढे. म्हणजे सातत्य गेलं पण संगती राहिली. आणि याच्या उलट आपल्याकडे रोज रात्री न चुकता लागणाऱ्या मालिका घ्या, सातत्यात कुठे कमी नाही, पण मागच्या महिन्यात अपघातात पाय मोडलेला दीर आज लग्नात नाचून राहिला अन् कोणाला काही वाटत नाही. तिथे संगती नाही.

म्हणून माझं म्हणणं, गोष्टीतलं मागचं-पुढचं जुळणं म्हणजे कंटिन्यूटी, तिच्यासाठी सातत्य वापरू नका, सुसंगती वापरा. आणि जिथे आधीचं अन् नंतरचं एकमेकांना खोटं पाडते तिथे जुना तयार शब्द आहे, पूर्वापरविरोध. 1976 च्या एका कथेत नियम सांगितला की टाइम लॉर्ड, म्हणजे डॉक्टरच्या जमातीचा माणूस, फक्त बारा वेळा रूप पालटू शकतो. 2013 च्या नाताळात डॉक्टरच्या त्या बारा वेळा संपल्या होत्या, पण गोष्टीतच टाइम लॉर्डांनी त्याला नव्याने बहाल केल्या. हे न सांगता नुसता चेहरा बदलला असता तर तो पूर्वापरविरोध झाला असता.

आता रीकास्टिंग, म्हणजे त्याच पात्रासाठी दुसरा नट घेणं. माझा खरा राग इथे आहे, तीन वेगळ्या गोष्टींना आपण एकाच शब्दात कोंबून टाकतो. 1983 मध्ये पाच डॉक्टरांना एकत्र आणायचं ठरलं तेव्हा पहिला डॉक्टर साकारणारे विल्यम हार्टनेल वारून आठ वर्षं झाली होती, त्यांच्या जागी रिचर्ड हर्नडॉल उभे राहिले. गोष्टीत चेहरा बदललाच नाही, फक्त नट बदलला. याला आपल्या नाटकवाल्यांचा शब्द आहे, रिप्लेसमेंट. आणि अख्खी टीमच बदलली की पेपरातल्या जाहिरातीत छापून येते, ‘नव्या संचात’. किती समजूतदार शब्द आहे हा! नाटक तेच, संवाद तेच, माणसं नवीन, या अन् बघा. स्टार ट्रेक या अमेरिकी अंतराळकथांमध्ये 2022 पासून जी नवी मालिका सुरू झाली, त्यात ईथन पेक स्पॉक हे जुनं पात्र करतो, काळ जुन्या मालिकेच्या आधीचा पण जग तेच मानलेलं, ते माझ्या मते नव्या संचातच आहे.

लहानपणी मामाच्या गावी, ब्रह्मपुरीकडे, मंडईला रात्रभर नाटक असायचं. झाडीपट्टीचं नाटक ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे, पहाटेपर्यंत कोणी उठत नाही. एका वर्षी पहिल्या अंकानंतर नायकाचा आवाजच बसला. अर्ध्या तासाने पडदा उघडला तर तोच कोट, तोच फेटा, पण आत दुसरा माणूस, कोट खांद्यावर ढिला. मी आजीला विचारलं हा कोण, तर ती म्हणाली, "काहून, तोच तर होय." तिने नट पाहिलाच नव्हता, पात्र पाहिलं होतं. मराठीत पात्र म्हणजे भांडंही, हे मला त्या ढिल्या कोटामुळे कळलं, आत कोण ओतला त्यावर भांडं बदलत नाही.

तिसरा प्रकार 2009 च्या स्टार ट्रेक सिनेमाचा. तिथे भूतकाळात ढवळाढवळ झाली अन् काळाची वेगळीच वाट निघाली, त्या वाटेवरचा स्पॉक म्हणजे झॅकरी क्विंटो. याला समांतर कालरेषा म्हणतात लोक, मला तो शब्द शाळेच्या भूमितीसारखा वाटते. आपल्याकडे फाटा आहे ना! पण जपून, फाटा फुटणे वेगळं अन् फाटा देणे वेगळं. रूढीला फाटा दिला म्हणजे रूढी सोडून दिली. त्या सिनेमात म्हातारा स्पॉक म्हणून मूळ मालिकेतले खुद्द लेनर्ड निमॉय आहेत, जुन्या वाटेवरून आलेले. म्हणजे जुन्याला फाटा दिला नाही, जुन्यातून फाटा फुटला. भाऊ, एका क्रियापदाने अर्ध भांडण मिटते.

पुरवणी: खाली एका ताईंनी रीजनरेशनला, म्हणजे डॉक्टरच्या या रूप पालटण्याला, कायाकल्प शब्द सुचवला, त्याचं उत्तर इथेच देतो. ताई, कायाकल्पात तीच काया परत तरुण होते. डॉक्टरचं तसं नाही, चेहरा, उंची, स्वभाव, चहा घ्यायची पद्धतसुद्धा वेगळी होते. कायापालट जवळचा होता पण बसस्टँड अन् तलावांच्या बातम्यांनी तो झिजवून टाकला. पुनर्जन्म तर नाहीच, त्यात आठवण जाते. परकायाप्रवेशही नाही, तो डॉक्टरचा वैरी मास्टर, त्याला लागू पडते, 1981 मध्ये त्याने दुसऱ्याचा देह बळकावला होता. मी अवतार म्हणतो, चौथा अवतार टॉम बेकर. कोणी म्हणेल दोन अवतार एका वेळी कसे भेटतील, तर रामाला परशुराम भेटलाच होता की! अन् क्रियापद साधं, रूप पालटणे. गंमत म्हणजे 1966 मध्ये हार्टनेलांच्या जागी पॅट्रिक ट्राउटन आले तेव्हा मालिकेतही रीजनरेशन शब्द नव्हता, नवा झालो असं काहीसं म्हटलं होतं. तो शब्द 1974 मध्ये आला, तिसरे डॉक्टर जॉन पर्टवी यांनी मालिका सोडली तेव्हा, अन् मागच्या दोन्ही बदलांनाही मागाहून लागला.

यावरूनच रेटकॉन, म्हणजे आधीच्या गोष्टीत मागाहून नवं काही जोडणं. सारवासारव म्हणू नका बावा, त्यात चोरी पकडल्याचा वास आहे. प्रक्षिप्तही नाही, प्रक्षिप्त म्हणजे दुसऱ्याने घुसवलेलं, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती अशा घुसवलेल्या ओव्यांमुळे. इथे तर मालकच जोडतो. 2013 मध्ये आठव्या अन् नवव्या डॉक्टरच्या मधात, युद्धात लढलेलं आणखी एक रूप म्हणून, जॉन हर्ट आणून बसवले, नववा तरी नववाच राहिला, कारण युद्धातल्या त्या रूपाने डॉक्टर हे नावच टाकलं होतं. मी याला मागजोड म्हणून राहिलो, बरं वाटलं तर घ्या.

राहिला कॅनन, म्हणजे कोणत्या गोष्टी अधिकृत मानायच्या ते. प्रमाण हा शब्द ठीक आहे, पण आम्ही बोलताना ‘हे धरायचं का’ असंच विचारतो. 1965 अन् 66 मध्ये पीटर कुशिंगचे दोन सिनेमे आले, त्यात डॉक्टर साधा माणूस आहे, परग्रहाचा नाही. मालिकेच्या हिशेबात ते कोणी धरत नाही, पण मी दोन्ही दोनदा पाहिले, पेटी आहे, डालेक आहेत, सगळा खेळ आहे. आमच्या गल्लीत लपंडावात लहान्याला घ्यायचो, पळू द्यायचो, फक्त राज्य त्याच्यावर यायचं नाही. कुशिंग तसा आहे, कच्चं लिंबू.