इंग्लंडचा कालवा, आमचा पाट आणि मटणाचं पातेलं

पाटाकाठचा

'राजारामपुरी ९वी गल्ली' यांच्या परवाच्या पोस्टवर तिथंच लिहिणार होतो, पण लांबलं म्हणून वेगळा धागा काढतोय. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: साहेब लेकीकडे इंग्लंडात डिव्हायझेसला दोन महिने राहून आले. तिथं केनेट-एव्हन कालव्यावर सत्तरीतली माणसं पिवळी जाकिटं घालून लॉकच्या (बोट वर-खाली चढवायच्या पाणकोठीच्या) दरवाज्यांना रंग देताना दिसली. बंद पडलेला कालवा लोकांनी वर्षानुवर्षं राबून चालू केला, १९९० ला राणीच्या हस्ते उघडला, एका उतारावर २९ लॉक. इथवर छान. मग शेवटी हे: "आपल्याकडचे गावोगावचे पाट गवतानं बुजलेत, कुणाला काही वाटत नाही. कोल्हापूरकराला श्रमदानाला आणायचं तर आधी मटणाचं पातेलं चढवायला लागतं."

त्या गावोगावांतल्या एका गावचा मी.

आमचा पाट ओढ्यावरच्या दगडी बांधापासून निघतो आणि डोंगराच्या कडेनं दीडेक किलोमीटर जातो. आजोबांच्या वेळी त्यावर भात आणि मागनं हरभरा व्हायचा. पुढं नदीवरनं उपसा आला आणि पाट बुजला. २०१३ च्या उन्हाळ्यात आम्ही पोरांनी तो उकरला. सतरा दिवस, सकाळी सहा ते नऊ. मटण एकदाच झालं, शेवटच्या दिवशी, वर्गणी काढून. पावसाळा सरल्यावर पाणी सोडलं तेव्हा पाण्याच्या तोंडाला पाचोळा आणि फेस गोळा होऊन हळूहळू पुढं सरकत होता, बारकी पोरं त्याच्यापुढं उलटी चालत होती, आणि आमची आजी काठावर बसून "आलं, आलं" करत होती. ती त्याच वर्षी गेली.

जानेवारीत वरच्या अंगाला चार मोटरी बसल्या. पाणी खेचायच्या पाईपचं तोंड, फूटव्हॉल्व्ह, थेट पाटात. खालच्या बारा रानांना थेंब नाही. पुढच्या उन्हाळ्यात खोरी घेऊन किती आले? तीन. मला धरून.

तर साहेब, तिकडचा कालवा बोटींचा. बोट पुढं गेली तरी पाणी कालव्यातच राहतं, फार तर एक लॉकभर खाली उतरतं. कुणाचा ऊस त्यावर अडलेला नाही. आमचं पाणी एकाच्या सरीत शिरलं की दुसऱ्याचं संपलं. म्हणून तिकडं रंगाचा डबा घेऊन प्रेमानं जमता येतं. आमच्याकडं खोरं उचलायच्या आधी भाऊबंदकी मिटवायला लागते. आळस आणि मटण हे कारण नाही.

राजारामपुरी ९वी गल्ली

मटणाचं वाक्य गमतीनं लिहिलं होतं, त्यावर एवढा ताव कशाला? आणि तुम्हीच लिहिलंय, सतरा दिवसांत पाट उकरला. म्हणजे मनात आणलं तर होतं. मी तरी दुसरं काय म्हणत होतो? राहिला शहराचा प्रश्न. आमच्या रंकाळ्यात कुणाचा ऊस आहे? तरी केंदाळ (जलपर्णी) वाढलं की फोटो काढायला गर्दी आणि ओढून काढायला ठरलेलीच मूठभर माणसं. तिथं कुठली भाऊबंदकी?

बर्मिंगहॅमी

पाटाकाठचा, मी चार वर्षं तिकडं काढलीत, कालव्याच्या दोन उन्हाळी शिबिरांत गाळही उपसलाय. "कुणाचं काही अडलेलं नाही" हे तुमचं वाक्य साफ चुकीचं आहे.

स्ट्रॅटफर्डच्या कालव्याचंच घ्या. १९५८ मध्ये तिथल्या काउंटीला त्याचा दक्षिणेकडचा भाग कायदेशीररीत्या मोडीत काढायचा होता, कारण वरचा एक पूल नव्यानं बांधायचा खर्च वाचणार होता. कालवा वापरात नाही हे दाखवलं की काम झालं. तर दोघांनी त्यातनं कनू (वल्ह्याच्या छोट्या होड्या) नेल्या होत्या, त्याची टोलची पावती पुढं आली. तीन वर्षांच्या आतली. त्या चिठोऱ्यावर कालवा वाचला. पुढं स्वयंसेवक, सैन्यातले जवान आणि तुरुंगातले कैदी यांनी मिळून तो १९६४ ला चालू केला. मँचेस्टरजवळ अ‍ॅश्टन कालवा बुजवा म्हणून आजूबाजूचेच लोक मागे लागले होते, पोरं बुडतात, वास येतो म्हणून. १९६८ ला एका शनिवार-रविवारी सहाशेच्या आसपास माणसं उतरली आणि गाळ-भंगार उपसून दाखवलं. मग कुठं लोकांचं मत फिरायला लागलं. किती तरी कालव्यांवर रस्ते झालेत, मधला तुकडा शेतकऱ्याच्या मालकीचा असतो, तो नाही म्हणतो, दहा-दहा वर्षं अडतं.

आणि केनेट-एव्हनचा ट्रस्ट १९६२ चा. कालवा उघडला १९९० ला. तुम्ही दुसऱ्या उन्हाळ्यात हात टेकले. शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण सुरू केलं ते पुरं व्हायला १९५७ उजाडलं. आपल्याला हे माहीत नाही असंही नाही.

जाता जाता मटणाबद्दल: शिबिरात जेवणाचे पैसे स्वयंसेवक स्वतः भरतो. झोपायला गावच्या हॉलमध्ये फरशीवर.

टोलफोड्या

पैसे भरून गाळ काढायचा?? आणि वर फरशीवर झोपायचं? भावा, पेठेत हे सांगून बघ, डॉक्टरकडं नेतील तुला.

पण ते टोलच्या पावतीचं लई आवडलं. तिकडं टोलच्या पावतीनं कालवा वाचला आणि हितं आमी टोलनाकेच ठेवले न्हाईत. कोल्हापूरला लोक जमत न्हाईत म्हणणाऱ्यांनी टोलविरोधी आंदोलन आठवावं. पेठापेठांतल्या तालमी, रिक्षावाले, वकील, व्यापारी, बायका, सगळी रस्त्यावर. २०१५ सरता सरता टोल गेलाच. कुणी मटण वाढलं नव्हतं. माझ्या पाठीवर पोलिसाच्या काठीचा वळ हाय, दाखवू काय?

राजारामपुरी ९वी गल्ली

वळ ठेवा झाकून. मोडायला आपण एक नंबर, हे मान्यच आहे. जपायला कोण? त्याच रस्त्यांवरचे खड्डे आता कोण बघतंय?

टोलफोड्या

खड्डं आमी पाडले काय? टोल ऱ्हायला असता तर खड्डं नसते असं म्हणायचंय तुमाला? म्हंजे तुमी तेव्हा टोलवाल्यांच्या बाजूचे. आत्ता कळलं. गाडीवर "टोल देणार नाही" स्टिकर तरी लावला होता काय?

राजारामपुरी ९वी गल्ली

माझ्याकडे तेव्हा स्कूटर होती. तिला टोल नव्हता.

टोलफोड्या

बघा! स्कूटरवाले सगळे असंच. आपल्याला बसला न्हाई म्हणून गप घरात.

बर्मिंगहॅमी

धागा कालव्याचा आहे.

टोलफोड्या

धागा लोक जमायचा हाय. तुझ्या इंग्लंडात सहाशे जमले म्हणून कौतुक सांगतोस, हितं हजारो जमले तर तो धागा न्हाई व्हय?

पाटाकाठचा

हे मात्र तुम्ही बरोबर बोललात, पण तुमच्याच विरोधात. टोलला समोर एक कंपनी होती, सगळ्यांनी मिळून बोट दाखवायला बरी. पाटाला समोर कोण? सकाळी ज्याच्या दारावरनं डेअरीला जायचं तोच. त्याच्यावर मोर्चा काढून बघा.

शेपटाकडची

कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला आमचं रान. मी लिहितो म्हणजे बाईच लिहितेय. आमच्याकडं बाया पण आलो-गेलोच म्हणतात, पुण्याच्यांनी दचकू नये.

इतका वेळ मटण-मटण चाललंय. कुणी शिजवलं हे एकानं तरी लिहिलं काय? आमच्या गावात ओढ्याचं खोलीकरण झालं तेव्हा गावच्या फलकावर श्रमदान करणाऱ्यांची नावं लागली. चौतीस नावं. बाई एक नाही. आम्ही सकाळी पोती भरून माती वर काढली, अकराला घरी येऊन साठ माणसांच्या भाकऱ्या थापल्या. चुलीपुढं बसून माझ्या उजव्या हाताच्या बोटांची कातडी सोलली होती. ते श्रमदान नव्हे म्हणे, ते "सहकार्य".

इंग्लंडवाल्यांना एवढंच विचारतो, त्या शिबिरात जेवण कोण करतं?

बर्मिंगहॅमी

स्वयंसेवकांतलाच एकजण, तेच त्याचं आठवडाभराचं काम. पुरुषही करतात. माझ्या वेळी एका निवृत्त इंजिनिअरनं केलं होतं. भयंकर होतं.

शेपटाकडची

भयंकर असू दे. त्याचं नाव लागलं ना?

बर्मिंगहॅमी

लागलं.

निवृत्त पाटकरी

एकतीस वर्षं कालव्यावर काढली. दोन गोष्टी बोलतो, मग तुमचं चालू द्या.

एक. सरकारी कालवा असंल तर उत्साहानं खोरं घालू नका. १९७६ चा पाटबंधारे अधिनियम आहे, भराव दुखावला तर गुन्हा तुमच्यावर. आधी लेखी परवानगी. मातीच्या भरावाचा खरा दुश्मन गवत नव्हे, खेकडा. बाहेरनं चिमटीएवढं भोक दिसतं, आत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. मी घातलाय आणि चावूनही घेतलंय. गवताच्या मुळांनीच माती धरलेली असते. श्रमदानवाले येतात, काठ तासून चकाचक करतात, फोटो होतो आणि पहिल्याच आवर्तनाला (कालव्यात पाणी सुटायच्या पाळीला) खेकड्याच्या बिळातनं काठ फुटतो. वर्षानुवर्षं कोरडा पडलेला पाट तर भेगाळलेला असतो, एकदम भरून पाणी सोडायचं नसतं. थोडं थोडं सोडून माती फुगू द्यायची.

दोन. लोक जमवायची चर्चा चाललीय म्हणून. आमच्याकडं शेजपाळी असते. पाणी शेवटच्या रानापासून द्यायला सुरुवात करायची आणि वर वर यायचं. कागदावर. प्रत्यक्षात वरचा माणूस रात्री दार उचकटतो आणि शेपटाकडच्या बाईंच्या रानापर्यंत पाणी पोचत न्हाई. पण जिथं शेपटाला पहिलं पाणी खरंच मिळालं तिथं भराव दुरुस्तीला माणसं न बोलावता आलेली मी बघितलीत. खानदेशात पांझरा नदीवर फड पद्धतीत (रानांचे फड म्हणजे गट पाडून सामाईक पाणी) हे जुन्या काळापासनं होतं, पाट साफ करायला सगळे बागायतदार उतरायचे, कारण न्हाई उतरला तर त्याच्याच फडाचं नुकसान. नाशिककडं वाघाडला पाणीवापर संस्थांनी सगळं धरण चालवायला घेतलं. २००५ चा कायदाच आहे शेतकऱ्यांनी सिंचन चालवायचा. म्हणजे होत नाही असं न्हाई.

पाटाकाठचा

वाघाड, फड सगळं ऐकलंय. चर्चासत्रात दरवेळी हीच दोन नावं येतात. कोल्हापुरातलं एक सांगा.

निवृत्त पाटकरी

तुमच्या नदीवरचा कोल्हापूर टाईप बंधारा. पावसाळा सरला की बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालायचे, पावसाच्या आधी काढायचे. कितीतरी ठिकाणी खात्याचं माणूस पोचायच्या आत गावातली पोरं बरगे बसवून मोकळी होतात, फटीत चिखल-पेंढा कोंबून गळती बंद करतात. का? कारण बंधाऱ्यामागचं पाणी सगळ्यांच्या उपशाला. वाटणीचं भांडण तिथं उशिरा सुरू होतं.

टोलफोड्या

आणि ते लोखंडी बरगे रातोरात भंगारात जातात ते पण सांगा काका 😄

निवृत्त पाटकरी

जातात. ते पण गावातलीच पोरं.

राजारामपुरी ९वी गल्ली

एकूण काय, मी म्हणालो तेच फिरून आलं. लोक हवेत.

पाटाकाठचा

नाही आलं! तुम्ही म्हणालात लोक आळशी. काका म्हणतायत वाटणी आधी ठरवा, लोक आपोआप येतात. यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो तुम्हाला राजारामपुरीतनं दिसणार नाही, कारण तुमच्या नळाला कुणाचं शेपूट नसतं. शहराला २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं थेट पाईपलाईनचं पाणी आलं, अभ्यंगस्नानं झाली, फोटो झाले. त्या धरणाचे कालवे कुठवर पोचतात आणि कुठं गळतात, हे बघायला किती जण गेलात?

राजारामपुरी ९वी गल्ली

आमच्या नळाला आठवड्यातनं किती दिवस पाणी असतं हे आधी येऊन बघा, मग शेपटाचं बोला. आमच्या घरी अजून टँकरवाल्याचा नंबर भिंतीवर लिहिलेला आहे. असो. मटणाचं वाक्य मी मागं घेतो. समाधान? बाकीचं नाही घेत.

शेपटाकडची

मटणाचं मागं घेतलं, भाकरीचं कोण घेणार?

बर्मिंगहॅमी

पाटाकाठचा, तुमची वाटणीची बाजू मी कमी धरली होती, तेवढं मानतो. बोटीच्या कालव्यात ती येत नाही. पण माझा प्रश्न तसाच आहे. चार मोटरी बसल्यावर तुम्ही काय केलंत? स्ट्रॅटफर्डवाल्यांनी पावती शोधली. तुम्ही ग्रामसभेत विषय मांडला? पाळी ठरवायची बैठक लावली? की तिघं आले म्हणून खोरी ठेवून दिली?

पाटाकाठचा

ग्रामसभा घेतली की. कोरम नव्हता.

निवृत्त पाटकरी

सभा दुसऱ्यांदाही लावता येते. तहकूब सभेला गणसंख्या लागत न्हाई, ग्रामसेवकानं सांगितलं असंल. मला एवढंच सांगा, चारांतली पहिली मोटर कुणाची? एकानं टाकली की बाकीचे बघून टाकतात, नेहमीचं आहे. पहिल्याशी बोललं की निम्मं काम होतं. त्याच्याकडं कोण गेलतं?

टोलफोड्या

नाव सांगा ओ, हितं कुणी ओळखत न्हाई.

निवृत्त पाटकरी

नाव नको. गेलतं का कुणी, एवढंच.

पाटाकाठचा

नाही.

पहिली मोटर आमच्या थोरल्या चुलत्याची. दिवाळीला एकाच पंगतीला असतो आम्ही.