न्यूट्रॉनच्या मधोमध भार धन की ऋण?

कोवळा_क्वार्क: एमएस्सीचा सेमिनार आहे, न्यूट्रॉनमधल्या विद्युतभाराचा आलेख हवाय. पाठ्यपुस्तकात मधोमध धन, कडेला ऋण. भौतिकशास्त्रज्ञ जेराल्ड मिलर यांच्या २००७च्या पेपरात मधोमध चक्क ऋण! मोजमापं तीच, इलेक्ट्रॉन आपटून काढलेली. मग चुकलंय कोण?

निवृत्त_मास्तर: कोणी नाही. 'जी-ईचं फूरिए रूपांतर म्हणजे घनता' हा घोकलेला मंत्रच लंगडा आहे. जी-ई म्हणजे इलेक्ट्रॉन आपटून मोजलेला विद्युत 'फॉर्म फॅक्टर', धक्का (क्यू) किती मोठा त्यावर बदलणारा; फूरिए रूपांतराने त्याचं अंतरानुसारचं चित्र होतं.

आधी आकडे बघ. वस्तूच्या आत डोकवायचं तर ती कुठे आहे हे तिच्या आकारापेक्षा बारीक ठाऊक हवं. पण तिला कॉम्प्टन लांबीइतकं (वस्तुमानावरून ठरणारी तिची क्वांटम लांबी) आवळलंस की संवेग सापेक्षतावादी होतो, म्हणजे वेग प्रकाशाच्या जवळ जातो. हायड्रोजन अणूची त्रिज्या ५३,००० फेम्टोमीटर, ही लांबी ०.२, ऐसपैस जागा. प्रोटॉनची त्रिज्या ०.८४, लांबी ०.२१. चौपट, बस्स! न्यूट्रॉनची गत तीच.

शिवाय धक्क्याआधीचा न्यूट्रॉन आणि नंतरचा, दोघांचे बूस्ट (वेगामुळे होणारी सापेक्षतावादी रूपांतरं) वेगळे. घनतेला दोन्ही बाजूंना एकच अवस्था लागते. ब्राइट फ्रेम (धक्क्याआधीचा आणि नंतरचा संवेग सारखाच पण उलटा दिसतो ती चौकट) घेतलीस तर ती दर क्यूला नवी: प्रत्येक फोटो वेगळ्या धावत्या गाडीतून काढायचा आणि मग सगळे एकत्र चिकटवायचे.

मिलर लाइट-फ्रंटवर (प्रकाशाच्या वेगाने सरकणाऱ्या आघाडीवर) जातात. तिथे आडव्या प्रतलातले बूस्ट गॅलिलिओच्या नियमांसारखे सरळ वागतात, म्हणून एफ-१ या दुसऱ्या फॉर्म फॅक्टरचं द्विमितीय रूपांतर ही खरोखरची घनता. बदल्यात तिसरी मिती चिरडली जाते. आणि एफ-१ म्हणजे जी-ई नव्हे. जी-ईवरून न्यूट्रॉनच्या भार-त्रिज्येचा वर्ग −०.११६ वर्ग फेम्टोमीटर येतो, त्यात चुंबकीय आघूर्णाचाच वाटा −०.१२६ आहे! तो काढल्यावर चित्र पालटलं तर नवल काय?

कोवळा_क्वार्क: सर, मग प्रोटॉनची ०.८४ पण गेली म्हणायची?

म्युऑन_मावशी: छे रे, ती शाबूत आहे. त्रिज्येचा वर्ग म्हणजे क्यू-वर्ग शून्य असताना जी-ईचा उतार गुणिले −६, अशी व्याख्याच आहे. २०१०मध्ये स्वित्झर्लंडच्या पीएसआय या संशोधन संस्थेत म्युऑनिक हायड्रोजनच्या (इलेक्ट्रॉनऐवजी म्युऑन असलेल्या) लॅम्ब शिफ्टवरून (ऊर्जापातळ्यांमधल्या बारीक फरकावरून) ०.८४१८४ आली, तीसुद्धा ह्याच व्याख्येची. वाद आहे तो आतल्या चित्राचा. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट जॅफी यांचा ह्याच वादावरचा २०२१चा पेपर वाचून जा, परीक्षक तिथूनच विचारतील. दोन्ही आलेख लाव, पण एकाच अक्षावर नकोस लावू: केंद्रापासूनचं अंतर एकात त्रिमितीय 'आर', दुसऱ्यात प्रतलातलं 'बी'.

निवृत्त_मास्तर: आणि खाली एकके लिही. ती कोणी लिहीत नाही हल्ली.