‘शिरा फुटणे’ लिहावं का?

जळगावची अनुवादक: कर्करोगाच्या रुग्णांसाठी माहितीपत्रक मराठीत करतेय. अँजिओजेनेसिसपाशी, म्हणजे नव्या रक्तवाहिन्या तयार होण्यापाशी, अडले. गाठ १-२ मिलिमीटरपुढे वाढायची तर तिला नव्या रक्तवाहिन्या लागतात, हे अमेरिकी शल्यचिकित्सक जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं. मी लिहिलं, ‘गाठीला नव्या शिरा फुटतात.’ एका आजींनी वाचलं नि घाबरल्याच, “म्हणजे आतून रक्त वाहतं?”

धुळेकर: ताई, ‘रक्तवाहिनीजनन’ लिहा. फुटणं भांड्याचं, डोक्याचं. वैद्यकात एका शब्दाला एकच अर्थ हवा.

सावदेकर: डोक्याचंच का, भाऊ? आपल्याकडे कापूस फुटला की घरात पैसा येतो. केळीला पिलं फुटतात, मूळ झाडाचं अन्न ओढतात, म्हणून आम्ही ती कापतो. बेव्हॅसिझुमॅबही त्याच वाटेचं औषध. नव्या शिरांना चालना देणारं व्हीईजीएफ हे प्रथिन ते अडवतं. ‘शिरांचे फुटवे’ लिहा, रावेर-यावलला कुणीही समजेल.

चोपड्याची: फुटवे चांगले आले म्हणजे आनंद. तो शब्द गाठीला नका देऊ, दादा.

वैद्यकाची विद्यार्थिनी: ‘कर्क’मध्येच शिरा आहेत! गाठीभोवतीच्या फुगल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात, असं प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेननं म्हटलं होतं.

जळगावची अनुवादक: पत्रकात पुढे मॉर्फिन आहे, तीव्र वेदनांवरचं औषध. उंदरांवरच्या प्रयोगात त्यानं गाठीतल्या नव्या रक्तवाहिन्या वाढल्या. जोडीला सेलेकॉक्सिब हे सूज-दुखण्यावरचं औषध दिलं तर ती वाढ थांबली आणि वेदनाशमन तसंच राहिलं. हे उंदरांतलं आहे, ते वाचून कुणी मॉर्फिन सोडू नये, एवढं ठळक छापणार आहे.

एरंडोलकर: ‘वेदनाशमन’ नको, ताई. माझ्या वडिलांना डॉक्टरांनी विचारलं, “वेदना आहेत?” ते म्हणाले, “नाही.” मी विचारलं, “आबा, कितलं दुखस?” तर रडायलाच लागले. डोस त्यानंतर वाढवला.

धुळेकर: वाईट वाटलं, भाऊ. पण वेदना ‘विद्’ धातूपासून, जाणवतं ते सगळं त्यात येतं.

एरंडोलकर: धातूत येत असेल. आबांच्या तोंडी तो शब्द कधीच नव्हता.

वैद्यकाची विद्यार्थिनी: नुसतं ‘दुखणं’ही पुरणार नाही. हाडातला ठणका, पोटातली कळ, नस दाबली गेल्यावरची आग; आगीला बऱ्याचदा औषधही वेगळं लागतं. तिन्ही शब्द छापा, रुग्ण बोट ठेवून दाखवेल.

चोपड्याची: आग आम्ही मिरचीची म्हणतो. नसेला चमक.

धुळेकर: चमक येते नि जाते. आग राहते.