पहिल्या वाढदिवसाला जुनी खेळणी मागितली तर चुकलं का?

ओवीची_आई

लेक पुढच्या महिन्यात वर्षाची होतेय. आमंत्रणाच्या मेसेजमध्ये शेवटी मी तीन ओळी घातल्या आहेत : "कृपया प्लास्टिकची नवीन खेळणी आणू नका. तुमच्या मुलांनी खेळून बाजूला ठेवलेली खेळणी, पुस्तकं आम्ही आनंदाने घेऊ. विकतच घ्यायचं असेल तर लाकडी घ्या."

मेसेज अजून गेलेला नाही, कारण घरातच वाद पेटलाय. सासूबाई म्हणाल्या, "पहिलं लेकरू, पहिला वाढदिवस, आणि लोकांकडे त्यांची उष्टी खेळणी मागायची? काय कमी आहे आपल्याला?" नवरा दोघींच्या मधे गप्प.

बारशाला आलेली खेळणी मी परवा आवरायला काढली. बटण दाबलं की गाणं म्हणणाऱ्या सात वस्तू निघाल्या. तीन बंद पडल्यात आणि कुणी दुरुस्त करून देत नाही. ओवी खेळते वाटी-चमच्याशी, नाहीतर गणपतीत सावंतवाडीहून आणलेल्या लाकडी खुळखुळ्याशी. तेव्हाच चितार आळीतून लाकडी फळांची टोपलीही घेतली. ती आता तिला द्यायची आहे.

आणि जुनं वापरण्यात आपल्याला कमीपणा कधीपासून वाटायला लागला? बाळाच्या अंगावर पहिलं झबलं घालतात तेच मुळी जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या कापडाचं. ओवीची दुपटी माझ्या आजीच्या नऊवारीची आहेत. त्यावर कुणी हरकत घेतली नाही. मग खेळण्यावरच का?

मोकळेपणाने लिहा. विरोधी मतही हवंय.

वाडीचा_माणूस

आमच्या गावची फळं तुमच्या घरी गेली याचा आनंद आहे, पण ताई, ती ओवीला आत्ता देऊ नका. ही फळं पांगाऱ्याच्या लाकडाची. लाकूड हलकं, मऊ, कोरायला सोपं. नीट वाळवून आकार द्यायचा, भेगा बुजवायच्या, मग रंगाचे हात आणि शेवटी चकाकी. पेरूवरचा डाग, केळ्याची शीर इतकी हुबेहूब जमते की पाहुणा फळ समजून हात घालतो. ती दिवाणखान्यात ठेवायला किंवा चार-पाच वर्षांच्या मुलांनी बाजार-बाजार खेळायला. दात येणाऱ्या बाळाने चावायची वस्तू नव्हे ती. बाळासाठी रंग न दिलेलं, घासून गुळगुळीत केलेलं खेळणं मागा. मिळतं. आणि 'इथेच केलंय का?' हेही दुकानात विचारा, कारण आमच्या बाजारात कर्नाटकातून आलेला मालही मांडलेला असतो.

आता मतभेद. तुम्ही 'जुनं' आणि 'लाकडी' एकाच दमात लिहिलंत. करणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर ही दोन एकमेकांच्या विरुद्ध जातात. चांगलं लाकडी खेळणं दोन पिढ्या टिकतं. ते हातोहात फिरत राहिलं तर कातकाम करणाऱ्याने खायचं काय? गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, खेळणारे संपले आणि ते रंगवण्याची कलाही संपायला आली होती. राजघराण्याने, शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी, ती हाताशी धरली म्हणून वाचली. खेळण्यांना गिऱ्हाईकच वाचवणार. मी असतो तर लिहिलं असतं : एकच आणा, पण करणाऱ्याच्या हातून नवं घेऊन आणा.

रंग_रसायन

मी सव्वीस वर्षं रंगांच्या कारखान्यात काम केलं आहे. मला तुमच्या दोन्ही कल्पनांची काळजी वाटते, तुटक वाटलं तर माफ करा.

'लाकडी म्हणजे सुरक्षित' हा समज धोक्याचा आहे. प्रश्न लाकडाचा नाही, वरच्या रंगाचा आहे. पिवळा, केशरी, लाल, हिरवा यांत चमक आणि टिकाऊपणा यावा म्हणून शिशाची संयुगं वर्षानुवर्षं सर्रास वापरली गेली. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर नको, हा नियम प्रत्यक्ष लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं (आयएसआय) चिन्ह सक्तीचं झालं १ जानेवारी २०२१ पासून. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीचं रंगवलेलं खेळणं कोणत्या रंगाने रंगवलंय हे ज्याने दिलं त्यालाही ठाऊक नसतं. वर नोंदणी असलेल्या हस्तकारागिरांच्या मालाला त्या सक्तीतून सूट आहे. सूट देण्यामागचा हेतू मला पटतो, छोट्या माणसाला प्रयोगशाळेचा खर्च झेपत नाही. पण मग तपासणार कोण?

शिशाचं सुरक्षित असं प्रमाणच माहीत नाही. पोटात गेलेलं शिसं लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसाच्या चौपट-पाचपट शोषून घेतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. परिणाम मेंदूवर होतो आणि तो भरून येत नाही. ताप येत नाही, पुरळ उठत नाही, काहीच दिसत नाही. उकळून, डेटॉलने पुसूनही शिसं जात नाही. म्हणून माझं स्पष्ट मत : तीन वर्षांच्या आतल्या मुलाला जुनं रंगीत खेळणं नको, मग ते प्रेमाने कुणीही दिलेलं असो.

ओवीची_आई

वाचून खुळखुळा आधी काढून घेतला. ती दिवसभर तो चावत असते. रंगाऐवजी लाखेचं काम असेल तर चालतं का? आमचा खुळखुळा गुळगुळीत आहे, रंगाचा थर असा जाणवत नाही.

रंग_रसायन

तो बहुधा कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या पद्धतीचा असेल. तिथे 'हाले' म्हणजे आपला काळा कुडा, त्याचं लाकूड कातावर (लेथवर) फिरवतात आणि फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाने लाख वितळून लाकडावर चढते, मग वाळलेल्या पानाने घासून चकाकी आणतात. तिचे टवके सहसा उडत नाहीत आणि लाख स्वतः निरुपद्रवी आहे. पण लाखेत मिसळलेला रंग कोणता? हळद, नीळ वगैरे वनस्पतीचे रंग वापरणारे आहेत तसे बाजारातली पूड मिसळणारेही आहेत. दुकानदाराला फोन करून विचारा. उत्तर देताना तो अडखळला, तर तेही उत्तरच समजा.

गिरणगावचा_पोर

तुमच्या सासूबाईंच्या तोंडचा 'उष्टी' हा शब्द मला कळतो.

आई चार घरची धुणीभांडी करायची. माझं प्रत्येक खेळणं त्या घरांतून आलं. दोन सोंगट्या कमी असलेली सापशिडी, एक डोळा नसलेलं अस्वल, आणि एक लाल गाडी, जी मला जिवापाड आवडायची. चौथीत असताना आईबरोबर त्या सोसायटीत गेलो आणि खाली आवारात गाडी चालवत बसलो. तिथला एक मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "ही माझी आहे. मी टाकलेली." घरी येताना ती गाडी मी गटारात फेकली आणि आईला सांगितलं, हरवली.

आज माझा मुलगा तीन वर्षांचा आहे. त्याच्यासाठी मी कोरं खोकं आणतो. चिकटपट्टी काढताना तो श्वास रोखून बघत असतो. कुणी मला 'पर्यावरण' म्हणालं तर मी वाद घालत नाही, पण आणतो.

ओवीला या वयात काही कळणार नाही, मान्य. पण पाहुण्यांत एखादी मावशी, एखादी तुमच्याकडे काम करणारी ताई असेल, जिने महिनाभर पैसे बाजूला काढून काहीतरी नवं घ्यायचं ठरवलंय. तुमचा मेसेज वाचून तिला काय वाटेल? तिला प्लास्टिकचंच परवडतं. लाकडी महाग पडतं. जुनं घेणं ही तुमची निवड आहे. आमच्याकडे निवड नव्हती.

ओवीची_आई

तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला, नवऱ्यालाही वाचून दाखवला. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई ओवीसाठी काहीतरी घेणार आहेत, हे त्या मला सांगूनही गेल्यात. माझ्या ओळी लिहिताना त्या माझ्या डोळ्यांसमोर नव्हत्या. याचं मला वाईट वाटतंय.

तान्हा_पोळा

नागपूरहून लिहितेय. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लेकरं चाकांवरचा लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात, आरती होते, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मिळतात. आमचा बैल माझ्या आजोबांचा. एक शिंग दोनदा जोडलंय, चाकं तर कितीदा बदलली. गेल्या वर्षी माझ्या मुलाने तो नेला तेव्हा शेजारच्या पोरांकडे नवेकोरे, त्याच्याहून मोठे बैल होते. तो रुसला नाही. "हा माझ्या आईच्या आजोबांचा," असं सगळ्यांना सांगत सुटला.

वरच्या दादांचं दुःख मी खोटं पाडत नाहीये. त्यांच्या गाडीची गोष्ट कुणीतरी टाकल्याची होती, आमच्या बैलाची कुणीतरी सांभाळल्याची. ओवीच्या आईने सगळ्या पाहुण्यांना मेसेज पाठवण्याऐवजी सख्ख्या चार जणांना विचारावं : तुमच्या घरात सांभाळून ठेवलेलं काही आहे का? त्यामागची गोष्टही सांगाल का?

दोन_पोरांचा_बाप

मला या धाग्यातला जुन्याचा गोडवा जरा जास्त वाटतो. पारंपरिक खेळण्यांबरोबर पारंपरिक वाटणीही घरात येते. बहिणीला भातुकली, मला भोवरा आणि विटी-दांडू. ती चूल, जातं, पाटा-वरवंटा मांडून चुरमुऱ्यांचा भात करत बसायची आणि आम्ही गल्लीभर उंडारायचो. आज ती म्हणते, मला भोवरा फिरवायचा होता, कुणी विचारलंच नाही. मला हे फार उशिरा कळलं. भातुकली द्यायची तर मुलालाही द्या.

आणि प्लास्टिकला सरसकट शत्रू का ठरवता? जुनं घ्यायचंच तर जोडायचे ठोकळे घ्या. लेगोचे १९५८ सालचे ठोकळे आजच्या ठोकळ्यांत बसतात. आम्ही एका ओळखीच्या घरातून पिशवीभर घेतले, धुतले, आणि सहा वर्षं दोघं त्यांवर खेळताहेत. लाकडी शोभेच्या वस्तूने एवढे तास दिले नसते. अर्थात ते चार वर्षांच्या पुढे. ओवीला नाही.

वॉर्ड_नंबर_चार

बालरुग्ण विभागात परिचारिका आहे. थोडक्यात लिहिते, ड्यूटीवर जायचंय.

जुन्या गाणाऱ्या खेळण्याच्या सेलच्या झाकणाचा स्क्रू बहुतेक वेळा हरवलेला असतो. बटणासारखा गोल सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. असं खेळणं घरात घेऊच नका. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी प्रमाणित चाचणीत ३१.७ मिलिमीटर रुंदीचं नळकांडं वापरतात. त्यात जो भाग पूर्ण मावतो तो घशातही अडकू शकतो. जुनं खेळणं ओढून, पिळून बघा, तुमच्या हातात काही निघून आलं तर बाळाच्याही हातात येईल.

सगळ्यांत जास्त हातोहात फिरतो तो बसायचा वॉकर. पायऱ्यांवरून पडलेली मुलं आम्ही बघतो. कॅनडात २००४ पासून त्यावर बंदी आहे, घरासमोर मांडून जुना विकला तरी गुन्हा. आपला पांगुळगाडा वेगळा. त्यात बाळ बसत नाही, स्वतः उभं राहून ढकलतं. फरशीवर मात्र तो सटकतो, चाकांना रबर लावून घ्या.

ओवीची_आई

मेसेज बदलला. आता त्यात खेळण्यांबद्दल एक अक्षर नाही, फक्त वेळ आणि पत्ता. जाऊबाई आणि माझी बहीण यांना वेगळं विचारलं. कापडी पुस्तकं आणि ठोकळे येताहेत, ठोकळे माळ्यावर ठेवीन. फळांची टोपली कपाटावर चढली. स्वयंपाकाच्या ताई जे आणतील ते ओवी त्यांच्याच हातून घेईल. खुळखुळ्याच्या दुकानात फोन लागला. ते म्हणाले, कंपनीचा रंग आहे, नाव सांगता येणार नाही. म्हणून तोही वर ठेवला. वाडीच्या दादांनी सांगितलं तसं एक खेळणं बिनरंगाचं, नवं मागवणार आहे. गाणाऱ्या खेळण्यांचं काय करायचं ते मात्र अजून सुचलेलं नाही. टाकवतही नाहीत आणि कुणाला द्यायचीही हिंमत होत नाही.

एक प्रश्न उरलाय. काल हे सगळं सासूबाईंना वाचून दाखवत होते. पांगुळगाड्याचं आलं तशा त्या उठल्या आणि माळ्यावरून जुन्या चादरीत गुंडाळलेला गाडा काढायला लावला. नवऱ्याचा, १९८८ सालचा. तीन चाकं, पुढे घोड्याचं तोंड, दांड्यावर त्याच्या दातांच्या खुणा. त्या म्हणाल्या, "हा घेऊन दे तिला. हा काय कुणाचा उष्टा नाही." लाल-पिवळा रंग जागोजागी उडालाय. पॉलिश पेपरने घासून सगळा रंग काढला तर चालेल ना?

रंग_रसायन

नका घासू! कृपया. शिसं असेल तर घासल्यावर त्याची धूळ होते, ती टवक्याहून वाईट. घरभर बसते आणि रांगणाऱ्या बाळाच्या हाताला लागते. गाडा परत चादरीत बांधा, जिथे उघडला तिथली फरशी ओल्या फडक्याने पुसा, फडकं टाकून द्या आणि हात धुवा. सासूबाईंना माझ्याकडून सांगा, गाडा मोडायचा नाही. काचेच्या कपाटात ठेवा.

वाडीचा_माणूस

ताई, बांधायच्या आधी तेवढी मापं घेऊन ठेवा. दांड्याची जमिनीपासून उंची, तिन्ही चाकांचा व्यास, दोन मागच्या चाकांतलं अंतर. घोड्याच्या तोंडाचा बाजूने फोटो. चाकांना पांगारा नको, झिजतो, ती सागवानाची करून घेऊ. रंग द्यायचा नाही. ओवीचा वाढदिवस कोणत्या तारखेला आहे?