कोजागरीची खीर आणि बंद पडलेला पंप

दवाबाजारवाली:
काल आपल्या इंदूरच्या सुदामानगरकरांनी इथे लिहिलं की आईला या कोजागरीला चित्रकूटची दम्याची खीर, म्हणजे जडीबुटीची पुडी घालून चांदण्यात ठेवलेली खीर, द्यायची आहे, खीर देणाऱ्यांनी पंधरा दिवस आधीपासून सगळी 'इंग्रजी दवाई' बंद करायला सांगितली आहे, आणि पंप (इनहेलर) हे तसंही एकदा लागलं की न सुटणारं व्यसन आहे. खाली लोकांनी रांगेनं हात जोडले. पंप कोणता, हे एकानंही विचारलं नाही. राग आला, म्हणून लांबलचक लिहिते आहे.

निळा पंप, अस्थालिन, आवळलेली श्वासनळी काही मिनिटांत सैल करतो, चार-सहा तासांत त्याचा असर उतरतो. आतली सूज जिथल्या तिथे. सूज उतरवतं ते ब्युडेकोर्ट, फोराकोर्ट, सेरोफ्लो या पंपांमधलं स्टेरॉइड. त्याला दिवस लागतात, आठवडे लागतात. मग होतं काय, ज्यानं लगेच बरं वाटतं तो निळा लोक चिठ्ठीशिवाय काउंटरवरून नेतात, आणि ज्यानं अटॅक टळतो तो कपाटात पडून राहतो. दम्याच्या 'जीना' या जागतिक मार्गदर्शिकेनं २०१९ मध्येच सांगितलं की मोठ्या माणसांना नुसत्या निळ्यावर ठेवू नका.

राहिली स्टेरॉइडची भीती. पंपाच्या एका झटक्यात साधारण २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.२ मिलिग्रॅम. मोठा अटॅक आला की प्रेडनिसोलोनची गोळी रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत द्यावी लागते. दोनशे पट! पंप टाळणारा नेमकं तेच ओढवून घेतो. जडीबुटीच्या बिनानावाच्या पुड्यांतही कित्येकदा स्टेरॉइडच कुटून घातलेलं सापडतं. दोन दिवसांत दम गायब, भूक सपाटून, मग तोंड गोल आणि साखर चढलेली. लोक म्हणतात, काय गुण आला!

सुदामानगरकर:
ताई, तुमचं दुकान आहे, तुम्ही पंपाचीच बाजू घेणार. माझ्या सख्ख्या मामांनी खीर घेतली, त्यानंतर त्यांनी पंपाला हात लावलेला नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, मार्गदर्शिकेत वाचलेलं नाही. चित्रकूटला लोक इतक्या लांबून येतात ते सगळे खुळे का? आई आज कित्येक महिने तीन उश्यांना टेकून बसूनच झोपते. पंप असून ही गत असेल तर तो घेऊन उपयोग काय, हे आधी सांगा.

दवाबाजारवाली:
बसून झोपतात म्हणजे दमा आटोक्यात नाही, आणि अशा माणसाचं औषध पंधरा दिवस बंद करायला निघालात. त्या पंप ओढतात कसा, हे कोणी समोर बसून पाहिलंय का? माझ्याकडे एक आजी गुण येत नाही म्हणून तक्रार घेऊन आल्या. विचारलं तर रोटाकॅप रोज पाण्याबरोबर गिळत होत्या. कॅप्सूल दिसली, गिळली. मशीनमध्ये घालून ओढायची असते हे त्यांना कोणी दाखवलंच नव्हतं.

मल्हारगंजचा वैद्य:
भोंदू पुडीवाले आणि आयुर्वेद यांना एका पोत्यात घालू नका, हे मी किती वेळा सांगायचं? अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्सिन आलं. खोकल्याच्या बाटलीवर त्याचं नाव वाचता तेव्हा अडुळसा आठवत नाही. धोतऱ्याचा धूर दम्याला आपल्याकडे पिढ्यानपिढ्या देत आले, आणि आज नेब्युलायझरमध्ये घालता त्या ड्युओलिनमधलं इप्राट्रोपियम धोतऱ्यातल्याच अॅट्रोपिनच्या घराण्यातलं. आमचं ते घरगुती, त्यावर कंपनीचा शिक्का बसला की विज्ञान. पाच-साडेपाच वर्षं शिकून आम्ही इथे फुकटचे शेरे ऐकायला बसलोय का?

दवाबाजारवाली:
वैद्यबुवा, तुमचाच दाखला माझ्या बाजूचा आहे. त्या वनस्पतींत खरंच औषध आहे, म्हणूनच मापाशिवाय देऊ नये. दम्यावरच्या कनकासवात धोतरा असतो. काचबिंदूवाल्याला किंवा प्रोस्टेटवाल्याला तो बाधतो, आणि लोक बाटली किराण्यासारखी घेऊन जातात. ज्येष्ठमध फार दिवस घेतलं की बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. त्यात निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉलही पोटॅशियम खाली आणतं. इफेड्रा ही वनस्पती असलेली पूरक औषधं अमेरिकेनं २००४ मध्ये बंद केली ती हृदयाच्या त्रासामुळेच.

मल्हारगंजचा वैद्य:
कनकासव वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नये, हे मान्य. मी स्वतः पेशंटचा पंप कधी सोडवत नाही, वासावलेह, सितोपलादि वरून देतो. पण तुमच्या काउंटरचंही बोला. डेरीफायलिन ही दम्याची गोळी दुकानदार गोळ्या-बिस्किटांसारखी देतात की नाही? त्यातल्या थिओफायलिनचा औषधाचा डोस आणि विषाचा डोस अगदी शेजारी-शेजारी. वरून कोणी सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं की रक्तातलं प्रमाण आणखी चढतं. उलट्या, धडधड, झटके. हे पाप जडीबुटीवाल्याचं नाही.

दवाबाजारवाली:
नाही, आमच्या धंद्याचंच आहे. शेड्यूल एचची, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांची, लाल रेघ पाकिटावर असते आणि तरी औषध विकलं जातं.

रामबागेतली सून:
त्यात दुखण्याच्या गोळ्या पण धरा. सासऱ्यांना दमा आहे हे मेडिकलवाल्याला माहीत असूनही त्यानं गुडघ्यासाठी आयब्युप्रोफेन दिलं. तासाभरात छाती शिट्टीसारखी वाजायला लागली. अॅस्पिरिनच्या जातीच्या गोळ्यांनी काही दमेकऱ्यांना असं होतं, हे आम्हाला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. काचबिंदूच्या टिमोलॉल थेंबांचंही तेच. डोळ्यांत घालायचं औषध छातीपर्यंत जातं हे कोणाच्या डोक्यात येईल?

लोकमान्यनगरची आई:
खीर, पंप चालू द्या. रंगपंचमीबद्दल कोणी बोलणार का? माझा मुलगा नऊ वर्षांचा. राजवाड्याला गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, पाहायला नेला, मशीनीतून उडवलेला गुलाल खाली बसेपर्यंत याचं नाक बंद, संध्याकाळी बोलता येईना, रात्र नेब्युलायझरवर. बरगड्यांच्या मधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. आम्ही पंप नियमानं देतो तरी हे.

तिसऱ्या पिढीचा गेरवाला:
आलं शेवटी गेरवर! होळकरांच्या काळापासून शहर एका दिवशी एकत्र येतं, तेही खुपायला लागलं. दमा असलेल्या मुलाला गर्दीत न्यायचंच कशाला? गच्चीवरून बघा.

लोकमान्यनगरची आई:
गच्चीवरच होतो, दादा. गुलाल वर मारण्यासाठीच ती मशीन असते.

तिसऱ्या पिढीचा गेरवाला:
मग मार्च-एप्रिलमध्ये गव्हाची नरवाई, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेले खुंट, जाळतात, तो धूर पुष्कळ दिवस अंगावर येतो. त्याबद्दल कोणी ब्र काढत नाही. आमचा एक दिवस मात्र सगळ्यांना दिसतो. आम्ही आरारूटचा गुलाल वापरतो, रसायनाचा नाही.

दवाबाजारवाली:
आरारूट असो की काही, बारीक पूड ती पूडच. सुजलेल्या नळीला ती हर्बल आहे की नाही याचं देणंघेणं नसतं.

सुदामानगरकर:
गेर, नरवाई, गुलाल... माझ्या आईचा प्रश्न राहिला बाजूला.

रामबागेतली सून:
अहो, तिच्याच पोराला गुलालानं झालं ते तिनं सांगायचं नाही का? शहर सातत्यानं स्वच्छतेत पहिलं आलं याचा मलाही अभिमान आहे, पण पहाटे रस्ता झाडताना जी धूळ उठते त्यात आमचे सासरे फिरायला निघतात. वेळ बदलायला सांगितली तर चिडतात.

तिसऱ्या पिढीचा गेरवाला:
मुलाचं ऐकून वाईट वाटलं. मशीनचं तोंड गच्च्यांकडे करू नका, असं मी आमच्या लोकांना सांगेन. गेर बंद करा हे मात्र मी ऐकून घेणार नाही.

लोकमान्यनगरची आई:
बंद करा असं मी कुठे म्हटलं?

सुदामानगरकर:
सगळं वाचलं. मामांना फोन केला. ते म्हणाले, उन्हाळ्यात पंप लागत नाही, थंडीत अजून लागतो, मला सांगितलं नव्हतं. आईच्या कपाटात फोराकोर्ट निघाला, सील न फोडलेला. ती इतके दिवस फक्त निळाच ओढत होती. आता डॉक्टरकडे नेऊन दोन्ही दाखवतो. काही बंद करणार नाही. पण खीर आणणार. तिची श्रद्धा आहे, त्यावर कोणी बोलू नये.

दवाबाजारवाली:
श्रद्धेवर कोण बोलतंय? दूध-तांदळाची खीर घरी करा, चंद्रप्रकाशात ठेवा, त्यांना द्या. त्यात घालायच्या पुडीत काय आहे ते लिहून मागा. लिहून दिलं नाही तर पुडी घेऊ नका. रात्रभर मैदानात गारठ्यात बसवू नका. फोराकोर्ट स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून कसा घ्यायचा ते डॉक्टरांकडून आईंच्या हातानं करून घ्या, आणि घेतल्यावर चूळ भरायला लावा, नाहीतर तोंड येतं. निळा पंप त्यांच्याच पिशवीत असू द्या, तारीख पाहून. कधीही बोलताना वाक्य पुरं होईना किंवा ओठ निळसर दिसले, तर वाफ देत बसू नका. १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत स्पेसरमधून निळा देत राहा.