न्यूझीलंड साउथ आयलंड, भाड्याची गाडी, सोबत आई-बाबा आणि ६ वर्षांची मुलगी. प्लॅन बघून सांगाल का?

घाटरस्ता

नमस्कार मंडळी, एप्रिलमधे न्यूझीलंडला जायचं ठरतंय, फक्त साउथ आयलंड. आम्ही ५ जण, मी, बायको, लेक (६ वर्षं), आई (६८) आणि बाबा (७२). टूर कंपनीबरोबर जायचं नाही हे नक्की कारण बाबांना बसमधे मागे बसवून फिरवायचं माझ्या जिवावर येतं. ते एसटीत ड्रायव्हर होते, ३१ वर्षं, त्यातली बरीच कुंभार्ली घाटात चिपळूण-कराड अशी गेली, आणि परदेशातला रस्ता पुढच्या काचेतून बघायचा ही त्यांची एकच इच्छा आहे, बाकी काय बघायचं ते तुम्ही ठरवा म्हणाले. न्यूझीलंड निवडलं तेही यासाठीच की तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात.

तर प्लॅन असा केलाय. २१ ला दुपारी ३ ला क्राइस्टचर्चला उतरायचं, एअरपोर्टवरच गाडी घेऊन थेट टेकापो गाठायचं. २२ ला माउंट कुक करून संध्याकाळपर्यंत क्वीन्सटाउन. २३ क्वीन्सटाउन. २४ ला मिलफर्ड साउंड जाऊन येऊन. २५ ला वानाकावरून फ्रान्झ जोसेफ, २६ ग्लेशियर, २७ ला आर्थर्स पास करून क्राइस्टचर्च, २८ ला कायकोरा व्हेल बघायला, २९ ला सकाळी फ्लाइट. मॅपवर बघितलं तर कुठलाच दिवस तसा फार वाटत नाही, पुणे-नागपूर आपण एका दिवसात करतोच की.

प्रश्न: १) हे जमेल का? २) आपलं लायसन चालतं का, की आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढू? ३) इन्शुरन्स किती घ्यायचा, तिथे फार प्रकार दिसतायत. ४) आई शाकाहारी आहे, खाण्याचं काय? ५) बाबांनी थोडा वेळ तरी गाडी चालवली तर चालेल का? शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा आहे, कृपया हसू नका.

कॅन्टरबरीकर

हसत कोण नाहीये दादा, मला तर तुमचा प्रश्न वाचून माझे काका आठवले. मी क्राइस्टचर्चला १४ वर्षं राहतोय, दरवर्षी भारतातून कोणी ना कोणी येतं आणि प्रत्येकाचा प्लॅन असाच असतो, म्हणून जरा स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

२१ ला तुम्ही ३ ला उतरणार, इमिग्रेशन, बॅगा, सामानाची तपासणी, गाडीचे कागद, हे होईपर्यंत ५ वाजतील. एप्रिलच्या शेवटी इथे पावणेसहाच्या आसपास सूर्य मावळतो. एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात त्यामुळे संध्याकाळ एकदम आखडते. म्हणजे टेकापोचे सव्वादोनशे किमी तुम्ही पूर्ण अंधारात, अनोळखी गाडीत, रात्रभर विमानात बसून झाल्यावर चालवणार. हे करू नका. खरंच करू नका. परदेशातून आलेले लोक उतरल्या उतरल्या लांब ड्राइव्हला निघतात आणि डोळा लागतो, ही इथली जुनी काळजी आहे. पहिली रात्र क्राइस्टचर्चलाच झोपा, गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या, एका दिवसाचं भाडंही वाचेल.

आता पुणे-नागपूरचं. तसा चौपदरी, मधे दुभाजक असलेला रस्ता इथे शहर सोडलं की जवळपास नाहीच. स्टेट हायवे म्हणतात पण एक लेन जायला एक यायला, आणि स्पीड लिमिट १००. लिमिट १०० म्हणजे १०० ने चालवायचं असं नाही, वळणावर पिवळ्या पाटीवर २५, ३५, ५५ असे आकडे असतात ते मनापासून पाळायचे. क्वीन्सटाउन ते मिलफर्ड एका बाजूने २८८ किमी, चार तास धरा, फोटोला थांबलात तर पाच. जाऊन येऊन पावणेसहाशे किमी आणि मधे दोन तासांची बोट, आणि परतताना अंधार, आणि मागच्या सीटवर आई आणि लेक. तुम्ही चालवाल हो, पण बाबांना त्या दिवसाचं काय आठवेल?

मी काय करीन सांगतो. वेस्ट कोस्ट पूर्ण काढून टाका. फ्रान्झ जोसेफ ग्लेशियर आता इतकं मागे सरकलंय की बर्फावर जायला हेलिकॉप्टरच लागतं, त्यासाठी दोन दिवस आणि हास्टचा लांबलचक रस्ता नको. कायकोरा पण काढा. मग क्राइस्टचर्च १ रात्र, टेकापो २ (मधल्या दिवशी माउंट कुक, पुकाकीच्या काठाने आत ५५ किमीचा फाटा आहे, या देशातला माझा सगळ्यात आवडता रस्ता, डोंगर समोर मोठा मोठा होत जातो आणि तळ्याचा रंग ग्लेशियरने दळलेल्या दगडाच्या पिठामुळे असा निळा की फोटो खोटा वाटेल), तिथून क्वीन्सटाउन २, मग ते आनाउ (Te Anau, मिलफर्डच्या वाटेवरचं गाव) २, आणि परत येताना ओमारू करून क्राइस्टचर्च. ते आनाउहून मिलफर्ड फक्त १२० किमी आहे, सकाळी आरामात निघता येतं.

त्या रस्त्यावर होमर टनेल लागतो, तो बाबांना दाखवायचाच. १९३५ ला खणायला सुरुवात झाली आणि १९५४ ला गाड्या जायला लागल्या. १.२ किमी, कच्चा दगड तसाच ठेवलाय आतून, आणि पूर्ण बोगदा मिलफर्डच्या बाजूला उतरता आहे, बाहेर पडलात की लगेच हेअरपिन वळणं. घाटात एसटी चालवलेल्या माणसाला तिथे काय वाटेल याची मी कल्पना करू शकतो. बोगद्याच्या तोंडाशी सिग्नलला थांबलात की किया नावाचे हिरवे पोपट येतात, गाडीचं रबर कुरतडतात, लेक खूश होईल पण त्यांना खायला देऊ नका.

डिझेल-पेट्रोल जे असेल ते, ते आनाउ गावात फुल करून घ्या. आणि पुढे मोबाईलला रेंज नाही, मॅप आधी डाउनलोड करून ठेवा. निघायच्या सकाळी मिलफर्ड रोड चालू आहे का ते ऑनलाइन बघायचं, पाऊस किंवा बर्फ जास्त असला तर बंद करतात. मे ते नोव्हेंबर त्या रस्त्यावर चाकांना बांधायच्या साखळ्या जवळ ठेवाव्या लागतात, तुम्ही अगदी कडेवर आहात तर गाडी घेताना विचारून घ्या.

लायसन: इंग्रजीत असलेलं स्मार्टकार्ड लायसन चालतं, ओरिजिनल बरोबर हवं, झेरॉक्स किंवा मोबाईलमधला फोटो नाही.

लांबचा_पल्ला

वरच्यांशी १००% सहमत. आम्ही गेल्या वर्षी मुलांना घेऊन गेलो होतो, परमिटबद्दल थोडं. लायसन इंग्रजीत आहे तर सक्ती नाही पण मी काढलं होतं, आरटीओत १००० रुपये, एक वर्ष चालतं, काउंटरवरच्या पोराने आधी तेच मागितलं. घेऊन जा, डोक्याला ताप नको.

इन्शुरन्सचं मात्र नीट वाचा कारण मला त्याचा फटका बसलाय. भाड्यात बेसिक इन्शुरन्स असतो पण त्यात एक्सेस म्हणजे काही झालं तर पहिले अमुक हजार डॉलर तुमच्या खिशातून, आणि तेवढी रक्कम ते क्रेडिट कार्डावर ब्लॉक करतात. डेबिट कार्ड बरेच जण घेत नाहीत, आणि कार्ड ज्याच्या नावावर गाडी त्याचंच हवं. मी एक्सेस कमी करायचे पैसे भरले होते तरी खडीच्या रस्त्यावर समोरच्या गाडीने उडवलेला दगड काचेवर बसला तेव्हा कळलं की काच आणि टायर त्यात धरलेच नव्हते. कंपनीचं नाव घेत नाही, चूक माझीच, तिसऱ्या पानावर लिहिलेलं होतं. म्हणून काच, टायर, गाडीचा खालचा भाग आणि छप्पर हे चार शब्द कागदात शोधा आणि नसतील तर विचारा. खडीच्या काही रस्त्यांवर गाडी नेली तर इन्शुरन्सच रद्द होतो, क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स कॅन्यन त्यातलाच. ताबा घेताना पार्किंगमधेच चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, चाकांच्या रिमसकट.

गाडीच्या साइजचं कोणी सांगत नाही ते सांगतो. पाच माणसं म्हणून पाच सीटवाली एसयूव्ही घेतलीत तर मागे आजी, नात, आणि वहिनी असे तिघं, त्यात मुलीची सीट बरीच जागा खाते, दोघींना कडेला अंग चोरून बसावं लागेल. आणि डिकीत चार मोठ्या बॅगा जात नाहीत. सात सीटवाली घ्या आणि मागची रांग पाडून ठेवा. मागची रांग उभी असली तर सामानाला जागा शून्य हे लक्षात घ्या.

अजून एक, सिंगल लेन ब्रिज. एकच गाडी जाईल एवढा पूल, अलीकडे पाटी असते. लाल गोलात तुमच्या दिशेचा बाण छोटा आणि लाल असेल तर थांबायचं, समोरच्याला आधी. निळ्या चौकोनात तुमचा बाण मोठा पांढरा असेल तर तुमचा हक्क, तरीपण हळू. आपल्याकडे जो आधी लाइट मारेल तो आधी अशी सवय असते, ती इथे विसरायची.

खमंग_डबा

खाण्याचं मी सांगते. मोटेल घेताना किचन असलेलं घ्या, तिथे बहुतेक मोटेलमधे छोटा का होईना ओटा, कुकटॉप, फ्रिज, भांडी असतात. क्राइस्टचर्चला इंडियन ग्रोसरी मिळते, पहिल्याच दिवशी तांदूळ, मूगडाळ, पोहे, मसाले तिथेच घ्या, भाज्या सुपरमार्केटमधून. काकूंना रात्री गरम खिचडी मिळाली की दिवसभर सँडविचवर काढता येतं. आम्ही छोटा कुकर पुण्याहून नेला होता, तो सगळ्यात उपयोगी पडला.

घरून नेताना मात्र जपून. तिथे खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर डिक्लेअर करायची, बंद पाकिटातली चकली असली तरी. डिक्लेअर केलं आणि त्यांना नाही चाललं तर ते फक्त काढून घेतात, न सांगता सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. माझ्या सासऱ्यांनी विमानात दिलेलं सफरचंद नंतर खाऊ म्हणून खिशात ठेवलं आणि विसरले, आणि ट्रिपची सुरुवात अशी झाली, बिचारे दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. म्हणून उतरायच्या आधी सगळ्यांचे खिसे आणि मुलीची बॅग तपासा. फळं, बिया, मध अजिबात नको. पेढे-बर्फी मी नेलेच नाहीत. चिखलाचे बूट असतील तर तेही धुऊन न्या, त्याचंही विचारतात.

आणि २५ एप्रिलला अँझॅक डे (युद्धात गेलेल्या सैनिकांचा स्मरणदिन) असतो, दुपारी १ पर्यंत बहुतेक दुकानं बंद. २४ लाच दूध-ब्रेड भरून ठेवा. जवळपास कुठल्याही गावात पहाटे स्मृतिस्तंभापाशी लोक जमतात, आम्ही थंडीत उभे राहिलो होतो, फार शांत वाटलं. मिलफर्डला सँडफ्लाय चावतात, डासांचं क्रीम विसरू नका.

कॅन्टरबरीकर

बाबांच्या गाडी चालवण्याचं राहिलं होतं. त्यांचं लायसन चालू आहे का ते आधी बघा, नुसतं जुनं बुक चालणार नाही. मग बुकिंग करतानाच त्यांचं नाव जादा ड्रायव्हर म्हणून घाला, नाव नसताना चालवलं आणि काही झालं तर इन्शुरन्स मिळत नाही. वरच्या वयाची अट काही कंपन्यांची असते काहींची नसते, ईमेलवर लेखी घ्या. वहिनी चालवत असतील तर त्यांचंही नाव घाला. आणि बाबांना टेकापो ते माउंट कुक फाट्याचा रस्ता द्या, सरळ, रुंद, कमी ट्रॅफिक. बाकी वेळ पुढे बसवा आणि पाट्या वाचायचं काम त्यांच्याकडे द्या.

त्यांना एक गोष्ट आधी सांगून ठेवा. मागे गाड्या साचल्या की पहिल्या मोकळ्या जागेत डावीकडे घेऊन त्यांना जाऊ द्यायचं. हॉर्न वाजवून ओव्हरटेक कोणी करत नाही. टुरिस्ट मधे मधे ब्रेक मारत, लेनवरून भटकत चालला तर मागचा माणूस सरळ पोलिसांच्या *५५५ नंबरला फोन लावतो.

आई-बाबांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स चांगला घ्या. अपघातात दुखापत झाली तर इथे एसीसी म्हणून सरकारी योजना आहे, ती टुरिस्टलाही उपचारांसाठी लागू होते, पण आजारपण, बीपी, हार्ट यातलं काहीही त्यात येत नाही.

घाटरस्ता

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री सगळं बाबांना वाचून दाखवलं. पहिल्या प्लॅनमधलं २१ चं वाचल्यावर त्यांनी मला थांबवलंच, म्हणाले प्रवास करून आलेल्या माणसाला लगेच रात्रीच्या गाडीवर पाठवतात का रे. मग माझ्याकडून कागद घेतला आणि स्वतः प्रत्येक मुक्कामासमोर किमी लिहून काढले, २५० च्या पुढे दिसला की तिथे खूण. परतीचा ते आनाउ-ओमारू रस्ता त्या खुणेत आला, तिथे मधे ड्यूनडिनला एक रात्र वाढवतोय, क्वीन्सटाउनची एक कमी करून. वेस्ट कोस्ट काढला. लायसन बघितलं, गेल्या सप्टेंबरलाच संपलंय. उद्या सकाळी त्यांना घेऊन आरटीओत जातोय, मेडिकल सर्टिफिकेटसाठी आज संध्याकाळी डॉक्टर.

एकच राहिलं, मुलीची सीट इथून नेऊ का?

लांबचा_पल्ला

नका नेऊ. ७ वर्षांखालच्या मुलांना तिथे मान्यता असलेली सीट सक्तीची आहे आणि आपल्याकडच्या सीटवर त्यांना हवा तो शिक्का असेलच असं नाही. रेंटलवाल्याकडूनच बूस्टर घ्या, बुकिंगमधे वय आणि वजन लिहा. बसवून मात्र तुम्हालाच घ्यायची असते, निघायच्या आधी पार्किंगमधे १५ मिनिटं ठेवा त्याला.